साधी गोळी, रिकामी गोळी

मेधा,

दुबईतल्या आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहून द्यायला सांगितली आहेत मला. फोटो, शिक्षण, जन्मगाव, पदव्या, आणि नावाआधी 'कै.' लिहायला विसरू नका, असा वर निरोप. मी बसले लिहायला. 'कै. डॉ. मेधा' एवढं लिहिलं आणि तुझं बोलणं ऐकू आलं, "कैलासवासी? अगं बापा, माझा तर व्हिसा पण कॅन्सल नाही झाला अजून." ते खरंच होतं. परवा तुझे शिरीषदादा ते काम करून आले. काउंटरवरच्या मुलीनं कागद न बघताच त्यांना विचारलं, "मॅडम खुद नहीं आयी?" दादा म्हणाले, "नहीं." एवढंच म्हणाले आणि टोकन घेऊन बसले.

मंडळाला काय द्यायचं ते मी देईन. तुझ्या पदव्या मला पाठ आहेत. हे पान वेगळं आहे, हे तुला आहे.

तीन आठवडे झाले. भेटेल तो विचारतो, "वंदना, तू बरी आहेस ना?" मी बरी आहे. तीच तर अडचण आहे. इंटरनॅशनल सिटीच्या स्टॉपवर सकाळची बस पकडते, क्लिनिकमध्ये जाऊन लोकांचं ब्लड प्रेशर घेते, आकडे भरते, डबा खाते. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात, तेव्हा गाल आपलाच असतो पण चावला गेला तरी कळत नाही, तसं चाललंय. मला दुःख झालेलं नाही असं नाही. झालेलं असणार. अजून माझ्यापर्यंत आलेलं नाही.

स्मशानातसुद्धा मी कागदच बघत होते. शिरीषदादांची सही दोन ठिकाणी हवी होती आणि त्यांनी एकाच ठिकाणी केली होती, ते माझ्या लक्षात आलं म्हणून मी पुढे झाले. तुझ्या ईशाननं माझ्या हातातलं पेन घेऊन बापाला दिलं. मी त्याला जवळ घेतलं तर म्हणाला, "आय ॲम फाइन, आंटी. रिअली." मी त्याला विश्वासानं 'हो' म्हटलं, कारण मीही फाइनच होते. घरी आले, आंघोळ केली आणि वरणभाताचा कुकर लावला.

मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती शेवटची आहे, पण पहिल्यापासून सांगितल्याशिवाय ती माझ्या तोंडून निघणार नाही. तुला ठाऊक असलेलंच पुन्हा ऐकावं लागेल. ऐक. नाही तरी तू मला कधी सलग बोलू दिलं नाहीस.

आपली ओळख झाली ती भांडणानं. मी मिरजेची नर्स, इथे हॉस्पिटलात येऊन संशोधनाचं समन्वयाचं काम शिकलेली. तू युनिव्हर्सिटीच्या लॅबमधली नागपूरची बाई. उन्हात आणि भट्टीसारख्या शेडमध्ये वर्षानुवर्षं राबणाऱ्या माणसांच्या किडन्या हळूहळू बिघडतात, आणि नेहमीच्या तपासणीत ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. लघवीतल्या एका प्रोटीनवरून ते आधीच ओळखता येईल, असं तुझ्या लॅबला वाटत होतं. आमच्या डॉक्टरांना वाटत होतं की आधी कळलं तर दुसऱ्याच आजारावरची एक जुनी, स्वस्त गोळी देऊन ते थोपवता येईल. तुमच्याकडे यंत्रं होती, आमच्याकडे माणसं होती, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. तू पहिल्याच फोनवर म्हणालीस, "तुमचे नमुने उन्हात शिजवून पाठवता का हो तुम्ही?"

मी म्हटलं, "आम्ही बर्फाच्या डब्यातच देतो. तुमच्याकडे पोचल्यावर काय होतं ते तुम्ही बघा."

दुसरं कुणी असतं तर मोठ्या साहेबांना ईमेल टाकली असती. तू मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात उभी राहिलीस, आणि नमुने नेणाऱ्या यूसुफभाईंच्या गाडीत त्यांच्या शेजारी जाऊन बसलीस. रास अल खोरच्या वर्कशॉपपासून लॅबपर्यंत तो डबा मांडीवर घेऊन गेलीस. वाटेत यूसुफभाई नमाजाला थांबले, मग चहाला थांबले, आणि बंद गाडीत डबा तापला. तुला सगळं कळलं. तू काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "मॅडम, नमाज़ तो मैं छोड़ेगा नहीं."

"छोड़ने को कौन बोला? हम टाइम बदलेगा," असं तू त्यांच्याच हिंदीत म्हणालीस. आणि खरंच लॅबचं सगळं वेळापत्रक तू नमाजाच्या वेळा मध्ये ठेवून पुन्हा आखलंस. तुझ्या हाताखालच्या पोरापोरींनी कुरकुर केली. पण त्यानंतर एकही नमुना खराब आला नाही. मोठमोठ्या सभांमधून 'सहकार्य, सहकार्य' असं ऐकते तेव्हा मला तो मांडीवरचा डबाच दिसतो. मी तुला हे कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू माझी खिल्ली उडवली असतीस. एकदा मी फोनवर सांगितलं, "आज सोळा नमुने पाठवलेत," तर म्हणालीस, "आणि सतरावा नमुना माझ्याशी बोलून राहिला."

आता ज्या शब्दावरून आपण खरं भांडलो, त्याच्याकडे येते.

औषध खरंच गुण देतं का हे बघायचं तर निम्म्या लोकांना खरी गोळी द्यायची आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. कुणाला कुठली ते त्यांनाही ठाऊक नाही आणि आपल्यालाही नाही. यादी तिसऱ्याच ठिकाणी बंद. आंधळी कोशिंबीर, असं आपण म्हणायचो. पण हे सगळं त्या माणसाला त्याच्या भाषेत सांगून, समजावून, मग त्याची सही घ्यायची. आपल्या लोकांत मराठी बोलणारे बरेच होते, म्हणून मराठी फॉर्म हवा होता. भाषांतर करणाऱ्या कंपनीनं त्या गोळीला लिहिलं होतं 'छद्म औषध'.

तो रविवार मला आठवतो. बर दुबईतल्या तुझ्या स्वयंपाकघरात तू सांबारवडीसाठी कोथिंबीर चिरत होतीस. तुझ्या 'सांबार'चा अर्थ कोथिंबीर हे मला त्या दिवशी कळलं. तोवर मी इडलीची वाट बघत होते. फॉर्म ओट्यावर होता आणि त्यावर हिरवे डाग पडत होते.

"छद्म औषध," तू वाचलंस. "हे ऐकून तर मीच पळून जाईन. सरळ 'खाली गोळी' लिही नं."

मी पोट धरून हसले. "खाली? लोक विचारतील, मग वरची गोळी कुठली? अगं, खाली म्हणजे रिकामी हे तुमच्या नागपुरात. आमच्याकडे खाली म्हणजे खाली."

"मग रिकामी लिही. रिकामी गोळी."

"रिकामा डबा असतो, रिकामं पोट असतं. रिकामी गोळी कधी ऐकलीस?"

"नाही ऐकली म्हणूनच तर लोक थांबतील. विचारतील, रिकामी म्हणजे काय? मग तू सांगशील." तू सुरी माझ्याकडे रोखलीस. "आणि खरं सांगू का, रिकामटेकडीच असते ती गोळी. काही काम नाही, नुसती पोटात जाऊन बसते."

तिथवर ते हसण्यावारीच होतं. मग मी म्हटलं, "मेधा, रिकामी म्हटलं तर सही कोण करेल? घरापासून इतक्या लांब राहणारी माणसं. त्यांना आपण म्हणायचं, या, आम्ही तुम्हाला कदाचित काहीच नसलेली गोळी देऊ? आपण 'साधी गोळी' लिहू. एक औषधाची गोळी, एक साधी गोळी. समजायला सोपं."

"साधी म्हणजे काहीच नाही, असं होतं का?"

"संदर्भानं कळतं."

"तुला कळतं. त्याला कळेल का?"

तीन आठवडे आपण त्यावर भांडलो. फोनवर, लिफ्टमध्ये, अब्राच्या होडीत बसून खाडी ओलांडताना. तू म्हणायचीस, ज्याला कळून सही करायची तो करेल, बाकीच्यांची आपल्याला नको. मी म्हणायचे, तुला लॅबमध्ये बसून बोलायला काय जातं, दारोदार फिरून माणसं मला गोळा करायची आहेत. एकदा मी म्हणाले, "आमच्या बाजूची मराठी तुमच्याकडून शिकायची वेळ अजून आलेली नाही." हे मी हसत म्हटलं होतं, पण मला ते तसंच म्हणायचं होतं, आणि तुला ते कळलं. मग म्हणालीस, "ठीक आहे. फॉर्म तू वाचून दाखवणार, शब्द तुझा." अशा अभ्यासाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे मराठीची जाणकार म्हणून माझंच नाव होतं. 'साधी गोळी' छापून आली.

रास अल खोरच्या एका वर्कशॉपच्या जेवणाच्या खोलीत मी पहिल्यांदा तो फॉर्म वाचून दाखवला. समोर ज्ञानदेव होता, माण तालुक्यातला, गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करणारा, चाळिशीचा. कान देऊन ऐकत होता. मधेच म्हणाला, "म्हंजी दोन्हीतली कंची बी मिळंल?"

"हो."

"आन साधी मिळाली तर?"

"तर साधी."

तो हसला. "साधी तर साधी. आमचा आजार बी अजून साधाच हाय." आणि त्यानं सही केली, एकेक अक्षर लावून. मला त्या दिवशी केवढा आनंद झाला होता! तुला फोन करून सांगितलं, बघ, पहिल्याच वाचनात समजलं त्याला. तू म्हणालीस, "चला, हरले मी." तू मोठ्या मनानं हरायचीस. मला ते कधी जमलं नाही.

मग उन्हाळा आला. उघड्यावर काम करणाऱ्यांना दुपारची सुट्टी असते, पण ज्ञानदेव पत्र्याच्या शेडमध्ये, त्याला ती नाही. प्रत्येक तपासणीला आपण सगळ्यांना सांगायचो, पाणी प्या, कडक उन्हाळ्यात जमलं तर रजा घेऊन गावी जा. ज्ञानदेवची रजा शिल्लकही होती. तो गेला नाही. उन्हाळ्याच्या शेवटी तपासणीला आला तेव्हा त्याचे पाय सुजलेले होते आणि रिपोर्ट वाईट आले. डॉक्टरांनी त्याला अभ्यासातून काढलं, गावी जाऊन उपचार सुरू करायला सांगितलं.

जायच्या आधी तो माझ्यासमोर बसला होता. मी जरा चिडूनच विचारलं, "रजा का नाही घेतली? इतक्यांदा सांगितलं होतं."

"गोळी चालू व्हती की म्याडम," तो म्हणाला. "पॉवरची नसंल, साधी का आसंना. आमच्या गावचा डाक्टर पन आदी साधीच देतो. पॉवरचीनं पोट बिघडतं. साधीला येळ लागतो, पन गुण येतो."

मेधा, मी मिरजेची आहे. दवाखान्यांच्या गावात वाढले. 'डॉक्टर, साधी नको, पॉवरची द्या' हे मी लहानपणापासून शंभरदा ऐकलं होतं. साधी गोळी म्हणजे कमी ताकदीचं औषध, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. नागपूरच्या बाईला जे खटकलं ते मला ऐकूच आलं नव्हतं, कारण मी माझ्या शुद्ध मराठीच्या तोऱ्यात होते. त्याला वाटत होतं दोन्ही गोळ्या औषधाच्याच आहेत. औषध चालू आहे म्हणून तो निर्धास्त होता आणि म्हणून त्यानं रजा टाकली नव्हती.

मी त्याला काही सांगितलं नाही. सुजल्या पायांनी बसलेल्या माणसाला आता काय सांगायचं, असं म्हणून मी स्वतःला समजावलं. पाणी दिलं, कागद दिले, तो गेला.

दोन दिवसांनी तू कॉरिडॉरमध्ये भेटलीस. हातात डबा, घाईत. "वंदना, ज्ञानदेवला समजलं होतं नं सगळं नीट? फॉर्ममधलं?"

"हो," मी म्हणाले.

तू माझ्याकडे बघितलंस. "बरं," म्हणालीस आणि गेलीस.

तो 'हो' मी का म्हटला, याची कारणं शोधून बघितली आहेत. नोकरी जाईल अशी भीती होती, आणि नोकरीवर इथलं राहणं टांगलेलं असतं. काम बंद पडेल, सगळ्यांची मेहनत पाण्यात जाईल, अशीही भीती होती. ही कारणं खरी आहेत, पण पहिली नाहीत. पहिलं कारण हे, की तीन आठवडे भांडून मी जिंकले होते आणि तुझ्यासमोर हरणं मला नको होतं. एवढंच. इतकं क्षुल्लक.

पुढच्या आठवड्यात सांगू, म्हटलं. मग समितीची बैठक होऊन जाऊ दे, म्हटलं. मग दिवाळी आली, तुझ्याकडे फराळाला आले, चकल्या मऊ झाल्या म्हणून तू शिरीषदादांवर करवादत होतीस, तेव्हा तरी काय सांगणार? मग तुझे ते अहवालाचे दिवस. तुझा चेहरा ओढलेला दिसायचा. मी विचारलं तर म्हणायचीस, ॲसिडिटी. मी नर्स आहे. छातीवर हात ठेवून कुणी ॲसिडिटी म्हणतं तेव्हा काय करायचं असतं, हे मी लोकांना शिकवते. तुला एकदा म्हटलं, ईसीजी काढून घे. तू म्हणालीस, "साधं आहे गं." आणि मी पुढे काही बोलले नाही. त्याच शनिवारी सकाळी चहा करता करता तू ओट्यापाशी कोसळलीस.

हे लिहून झालं तरी मी तशीच आहे, बघ. हात चालतोय, डोळे कोरडे आहेत.

तुझे दिवस झाल्यावर मी कामावर गेले त्या सकाळी समितीकडून मेल आली होती. नव्या लोकांना घ्यायचं म्हणून मराठी फॉर्म पुन्हा छापायचा आहे. काही बदल नसतील तर खालच्या चौकोनात टिक करा. तू गेल्यामुळे आता ती एकच सही पुरेशी होती, माझी. विचारणारं कुणी उरलं नव्हतं. माझा कर्सर त्या चौकोनावर होता.

मी टिक केली नाही, पण पत्रही लिहिलं नाही. आधी खात्री करू म्हटलं. त्या दिवशी तपासणीला आलेल्यांपैकी एकाला सहज विचारल्यासारखं विचारलं, "साधी गोळी म्हणजे काय हो, तुमच्या मते?"

"कमी पॉवरची," तो लगेच म्हणाला. जसं काही मी त्याला दोन अधिक दोन विचारलं होतं.

दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. तिसरा म्हणाला, "हलकी. लहान मुलांना देतात तशी." ही सगळी माणसं रोज सकाळी ती गोळी घेऊन शेडमध्ये शिरत होती, आणि पुढचा उन्हाळा लांब नव्हता. तेव्हा पहिल्यांदा मला काहीतरी टोचलं. दुःख नव्हे, लाज. पण निदान काहीतरी होतं.

पत्र मी इंग्रजीत लिहिलं, कारण समिती इंग्रजी वाचते. सगळं लिहिलं. शब्द माझा होता, तुझा विरोध होता, एका माणसाचा गैरसमज मला तेव्हाच कळला होता आणि मी तो नोंदवला नाही, हेही लिहिलं. मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी दोनदा वाचलं. "यू नो व्हॉट धिस मीन्स फॉर यू?" मी म्हटलं, हो. त्यांनी पत्र माझ्या हातात परत दिलं. मग म्हणाले, "खलास," म्हणजे इथल्या अरबीत 'झालं, ठरलं'. "सेंड इट."

नवीन लोक घेणं थांबलंय. माझी चौकशी आहे. काँट्रॅक्टचं विचारलं तर ऑफिसातली बाई 'इन्शाल्ला' म्हणाली, आणि त्याचा अर्थ तुला माहीतच आहे. काहीही होऊ शकतो. समितीनं एक गोष्ट मात्र लगेच सांगितली. फॉर्म बदला, आणि आधी सही केलेल्या प्रत्येकाला पुन्हा समजावून सांगा. अभ्यासातून गेलेल्यांनासुद्धा. मी यादी काढली आणि ज्ञानदेवचं नाव सगळ्यात वर घेतलं.

काल दुपारी त्याला फोन लावला. "थांबा म्याडम, हितं रेंज न्हाई, वर येतो," असं म्हणाला आणि चढावर चालत असल्यासारखा त्याचा श्वास ऐकू येत राहिला. मध्ये दोनदा थांबला. तब्येत विचारली. डायलिसिस अजून लागलेलं नाही, पण डॉक्टर म्हणतात लांब नाही. ते त्यानं हवापाण्याचं सांगावं तसं सांगितलं. मग म्हणाला, "आन त्या डबा घिऊन यायच्या, त्या म्याडम कशा हायत? लई बोलायच्या."

मी सांगितलं. तुझ्याबद्दल 'गेल्या' हा शब्द मी पहिल्यांदाच तोंडानं उच्चारला. आतापर्यंत लोकच मला सांगत होते.

"आरं देवा," तो म्हणाला. "मला एकदा म्हनल्या व्हत्या, तुमच्यामुळं माझं पोट चालतंय. मी म्हनलं, आवो, माझ्या मुतावर कुनाचं पोट चालतं व्हय! किती हसल्या."

हे मला माहीत नव्हतं, मेधा. तू मला कधी सांगितलं नव्हतंस.

मग मी जे सांगायला फोन केला होता ते सांगितलं. कागद समोर ठेवला होता, तरी वाक्यं तुटत होती. म्हटलं, ज्ञानदेव, तुम्हाला कुठली गोळी होती ते मला अजूनही माहीत नाही, ती यादी बंद आहे. पण फॉर्ममध्ये 'साधी गोळी' असं जे लिहिलं होतं, ती कमी पॉवरची नव्हती. तिच्यात औषधच नव्हतं. ते तुम्हाला नीट सांगायचं काम माझं होतं, आणि मी सांगितलं नाही.

मला वाटलं रेंज गेली.

"म्हंजी," तो सावकाश म्हणाला, "रिकामी."

"हो."

"रिकामी गोळी."

"हो, ज्ञानदेव. रिकामी."

मी वाट बघत होते की तो ओरडेल. शिव्या देईल. मी त्याची तयारी करून बसले होते, आणि खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. कुणीतरी ओरडावं माझ्यावर.

"मंग आसंच सांगायचं की म्याडम," तो म्हणाला. आवाज जराही चढला नव्हता. "सही तर मी केलीच आसती. फुडच्या मान्सांच्या उपेगी पडंल म्हनून केलीच आसती. फकस्त रजा टाकली आसती."

फोन ठेवला आणि यादीत त्याच्या नावापुढे लिहिलं, 'समजलं.'

मेधा, तू मला कॉरिडॉरमध्ये विचारलं होतंस, ज्ञानदेवला समजलं होतं का. नाही गं. नव्हतं समजलं.